‘हँडमेड’ म्हणजे नक्की कुणाच्या हातचं?

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही, आज झुमके.

आपली हिंजवडी कागदोपत्री मुळशी तालुक्यातली. इथल्या कंपनीच्या बसमध्ये जरा आजूबाजूला बघा, कुणाच्या ना कुणाच्या कानात हटके काहीतरी दिसतंच. खणाच्या तुकड्याचे टॉप्स, टेराकोटावर वारली, नाहीतर चांदीत कापलेला ‘ळ’. कुठून घेतलं विचारलं की उत्तर ठरलेलं, “इन्स्टावरून.”

पण बनवलं कुणी? ‘हँडमेड’ असं लिहायला काहीच पैसे पडत नाहीत. म्हणून मी आधी स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सला देते. तोच फोटो दहा दुकानांत दहा किमतींना दिसला, तर माल बहुतेक घाऊक बाजारातला. थांबा हं, कधी उलटंही असतं. मूळ डिझायनरचा फोटो बाकीच्या नऊ जणांनी उचललेला असतो! अशा वेळी प्रोफाइलवर खाली खाली स्क्रोल करत जा. अर्धवट नग, बिघडलेला नग, टेबलावरची पक्कड, सोल्डरिंगचा व्हिडिओ असं काही सापडतंय का? उचलेगिरी करणाऱ्याकडे नुसते फायनल फोटो असतात, गिटवर एकच कमिट असलेल्या प्रोजेक्टसारखे.

ही उचलेगिरी एवढी सोपी का, ते सांगते. आपल्याकडे डिझाइन कायदा 2000 चा आहे. नोंदणी केली की 10 वर्षं हक्क मिळतो, पुढे 5 वर्षं वाढवता येतो. पण डिझाइन ‘नवं’ लागतं, म्हणजे अर्ज करायच्या आधी ते लोकांसमोर आलेलं नको. आता एकटीने पेज चालवणारी मुलगी काय करते? झुमका तयार झाला की त्याच रात्री रील टाकते. झालं, तिथेच घोळ.

आता चांदी. चांदीचा विषय निघाला की हुपरीचं नाव यायलाच हवं. कोल्हापूर जिल्ह्यातलं, हातकणंगले तालुक्यातलं पैंजणांचं गाव. तिथे एक पैंजण एका माणसाच्या हातून पुरा होत नाही. कुणी चांदी आटवतं, कुणी तार ओढतं, कुणी कड्या जोडतं, कुणी घुंगरू लावतं, आणि यातलं कितीतरी काम घराघरांत चालतं. त्यामुळे पुण्यातल्या डिझायनरने कागदावर काढलं आणि कारागिराने दुसऱ्या गावात घडवलं, यात फसवणूक काहीच नाही. कारागीर लपवला तर मात्र मला खटकतं. ज्या पेजवर त्याचं नाव असतं, तिथे मी दोन पैसे जास्त द्यायला तयार असते.

धातूचं थोडक्यात. 925 म्हणजे हजारात 925 भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी शून्य! तांबं, जस्त आणि निकेल. कान खाजत असतील तर निकेलवर संशय घ्या. ‘ऑक्सिडाइज्ड’ हा धातू नाही, काळपट फिनिश आहे. (गंमत म्हणजे खऱ्या चांदीवरचा तो काळा थर ऑक्सिजनचा नसून गंधकाचा असतो.) सोन्याचा नग असेल तर 6 अक्षर-अंकांचा एचयूआयडी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या सोन्यावर तो लागतोच, पण 2 ग्रॅमच्या आतल्या नगांना सूट आहे, त्यामुळे चमकीवर शोधत बसू नका. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही, तिथे विचारूनच घ्यावं लागतं.

मी डीएममध्ये टाकते तो मेसेज हा, हवा तर कॉपी करा: “ताई, मागच्या बाजूचा फोटो मिळेल का? वजन किती, टंच किती, आणि घडवलंय कुणी?” खरं काम करणाऱ्या बायका याला मोठमोठी उत्तरं देतात, व्हॉइस नोटसुद्धा येते. कुणी नुसतं “प्युअर आहे मॅम, बुक करू का?” म्हणालं, तर मी पुढचं पेज बघते. आणि बिलावर वजन नि टंच दोन्ही लिहून घ्या. चला, भेटू पुढच्या भागात!