‘डिझर्व्ह’ म्हणजे नेमकं काय? धंद्यात हा शब्द कुठे चालतो आणि कुठे नाही



‘आय डिझर्व्ह मोअर.’ हे वाक्य हल्ली प्रत्येक मोटिव्हेशनल रीलमध्ये ऐकू येतं. ऐकायला छान वाटतं, छाती फुगते. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक तोच जुना रेट देतं आणि बँकेचा साहेब तीच जुनी कागदपत्रं मागतो. मग या शब्दाचा उपयोग काय? आज तो नीट समजून घेऊ.

‘डिझर्व्ह’ लॅटिनमधल्या ‘डीसर्व्हिरे’वरून आला. त्यात ‘सर्व्ह’ लपलेला आहे, म्हणजे सेवा करणं. मनापासून, पूर्ण सेवा करणं हा मूळ अर्थ. त्यावरून पुढे अर्थ झाला, चांगल्या कामामुळे मोबदल्याला लायक ठरणं. म्हणजे आधी सेवा, मग डिझर्व्ह. रीलवाले नेमकी पहिली पायरी गाळतात.

गंमत बघा. मराठीत ‘तुझी लायकी काय?’ म्हटलं तर भांडण होईल. इंग्रजीत ‘यू डिझर्व्ह इट’ म्हटलं की माणूस खुश! पण हिशोब दोन्हीकडे एकच आहे, आधी काम दाखवा. आपल्याकडे याला जास्त जवळचा शब्दप्रयोग आहे: कष्टाचं चीज झालं. ‘वेल डिझर्व्हड्’ म्हणजे अगदी तेच.

आता मुद्द्याचं. धंद्यात डिझर्व्ह, एलिजिबल आणि एन्टायटल्ड या तीन शब्दांची सरमिसळ होते आणि त्यात पैसे जातात.

१. डिझर्व्ह: लायक असणं

हे गिऱ्हाईक ठरवतं, पण आकडे तुम्हाला माहीत पाहिजेत. समजा तुम्ही घरगुती कांदा-लसूण मसाला करता. एका किलोला कच्चा माल ४०० रुपये, कांडप ६०, पॅकिंग ३०, वीज-वाहतूक ३०. झाले ५२०. तुम्ही ५६० ला विकता आणि म्हणता, ४० रुपये सुटले. पण तुमची आणि घरच्यांची मजुरी? ती किलोमागे ८० धरली तर खर्च ६०० होतो. म्हणजे ४० रुपये तोटा! इथे ‘मी जास्त डिझर्व्ह करतो’ म्हणून रडण्यात अर्थ नाही. कॉस्टिंग मांडा, रेट ठरवा आणि त्या रेटला शोभेल अशी चव, वजन आणि वेळ पाळा. मग रेट सांगताना आवाज खाली जाणार नाही.

२. एलिजिबल: पात्र असणं

हे नियम ठरवतात. तुम्ही किती मेहनती आहात याचा इथे संबंध नाही. उदाहरणार्थ ‘पीएमईजीपी’ योजना. वय १८ पूर्ण पाहिजे, युनिट नवीनच पाहिजे, कुटुंबात एकालाच लाभ. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास पाहिजे. सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि विशेष गटाला ५ टक्के स्वतःचे पैसे घालावे लागतात. सबसिडीही लगेच हातात येत नाही, ती तीन वर्षं बँकेत अडकलेली असते.

आणि पात्र आहात म्हणजे कर्ज मिळालंच असं नाही. मंजुरी बँक देते, प्रकल्प बघून. पात्रता म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. पुढचं काम तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं.

३. एन्टायटल्ड: हक्कदार असणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माल दिला, बिल दिलं, तीन महिने झाले तरी पेमेंट नाही. आणि आपण फोनवर म्हणतो, ‘साहेब, जरा बघा ना, लहान माणूस आहे.’ अहो, विनंती कशाला? २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करारात ठरलेल्या दिवशी द्यावं लागतं, आणि करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते.

पण हा हक्क वापरायचा तर कागद लागतात. उद्यम नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवा. ऑर्डर लेखी घ्या. चलनावर सही-शिक्का घ्या. एक लक्षात ठेवा, नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार असेल तर उद्यम नोंदणी होते, पण तिचा फायदा कर्जाच्या प्राधान्य क्षेत्रापुरता आहे. उशिरा पेमेंटचं हे संरक्षण व्यापाऱ्याला मिळत नाही.

मग पुढच्या वेळी थकबाकीदाराला काय लिहाल? ‘आम्ही पेमेंट डिझर्व्ह करतो’ असं नको. साधं लिहा: ‘बिल क्रमांक अमुक, माल स्वीकारल्याची तारीख अमुक, मुदत संपली आहे. कायद्यानुसार व्याज लागू होत आहे.’ नम्र भाषा, पण पक्की.

थोडक्यात, गिऱ्हाईकासमोर लायक व्हा, बँकेसमोर पात्र व्हा आणि थकबाकीदारासमोर हक्कदार म्हणून उभे राहा. एका ठिकाणचा शब्द दुसरीकडे वापरला की बोलणं फसतं.

आजचा गृहपाठ: वही काढा, तीन रकाने आखा. तुमचा रेट, तुमच्या कर्जाची योजना, तुमची थकलेली बिलं. प्रत्येकासमोर पुढचं एक काम आणि तारीख लिहा. चला, लागा कामाला!