कारागिराचा सुपरवायझर होताना

पुणे-सोलापूर महामार्गावरचे भांडगाव दौंड तालुक्यात येते. याच तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे, तर भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात रांजणगावची. शेतीवर जगणाऱ्या या पट्ट्यातली अनेक घरे आता कारखान्यांच्या पाळ्यांवरही चालतात. मशीनवर हात बसलेला ऑपरेटर पुढे लाईन लीडर किंवा सुपरवायझर होतो, आणि तिथे त्याच्या कामाचे स्वरूपच पालटते. कालपर्यंत स्वतःचे उत्पादन काढायचे असते. आता ते इतरांकडून काढून घ्यायचे असते. उत्तम कारागीर आपोआप उत्तम सुपरवायझर होत नाही. हे कौशल्य वेगळे आहे आणि ते शिकता येते.

त्याची पद्धतशीर मांडणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत झाली. कारखान्यांत नवखे कामगार भराभर येत होते आणि अनुभवी फोरमन अपुरे पडत होते. त्यासाठी १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम सुरू झाला. काम शिकवणे, कामाची पद्धत सुधारणे आणि माणसे सांभाळणे हे त्याचे मुख्य अभ्यासक्रम. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटाने १९५० च्या दशकात स्वीकारला. भारतात उत्पादकतेचा विचार रुजवण्यासाठी १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली.

‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’च्या पद्धतीत काम शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत. आधी शिकणाऱ्याची भीड मोडून त्याला काय येते ते विचारायचे. मग काम टप्प्याटप्प्याने करून दाखवायचे आणि प्रत्येक टप्प्यामागचे कारण सांगायचे. नंतर त्याच्याकडून ते करून घ्यायचे, तेही तोंडाने समजावून सांगायला लावून. शेवटी त्याला स्वतंत्रपणे काम द्यायचे, पण अधूनमधून लक्ष ठेवायचे. नुसते ‘समजलं का?’ विचारून भागत नाही. नवा माणूस संकोचाने ‘हो’च म्हणतो.

माणसे सांभाळण्याचे नियमही साधे आहेत. काम कसे चालले आहे ते ज्याचे त्याला सांगावे, चांगल्या कामाची दखल घ्यावी, बदल होणार असेल तर आधी कल्पना द्यावी आणि प्रत्येकाच्या अंगच्या गुणांना वाव द्यावा. तंटा उद्भवला तर आधी दोन्ही बाजू ऐकाव्यात, मग निर्णय घ्यावा आणि त्याचा परिणाम काय झाला ते पुढे तपासावे.

गावाजवळच्या कारखान्यात खरी कसोटी नात्यांची लागते. हाताखाली भावकीतला, वयाने मोठा माणूस असू शकतो. शेजारी परप्रांतातून आलेला कामगार असतो. अशा वेळी वडीलधाऱ्याला ‘अहो’ म्हणावे, पण सुरक्षेचा नियम त्यालाही तोच लावावा. चूक बाजूला घेऊन सांगावी. रजा, ओव्हरटाइम आणि जड कामाचे वाटप सर्वांना दिसेल असे फलकावर लावावे, म्हणजे पक्षपाताचा संशय कमी होतो.

यात कंपनीचाही वाटा असतो. बढतीआधी काही दिवस जुन्या सुपरवायझरसोबत काम, लहान गटाची जबाबदारी आणि वरिष्ठांकडून नियमित अभिप्राय मिळाला, तर नवा माणूस लवकर तयार होतो. त्याची पारख केवळ उत्पादनाच्या आकड्यावर करू नये. अपघात, गैरहजेरी, सोडून जाणारे कामगार आणि त्याच्या हाताखाली तयार झालेली माणसे हेही पाहावे लागते.