‘बिग बर्था’ मोठी होते तेव्हा

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल हे गृहस्थ पादत्राणांचे दुकान चालवीत असत. शोभेच्या दारूकामाचा त्यांना मोठा नाद होता. विमानांच्या प्रतिकृती तयार करणारे त्यांचे बंधू रॉबर्ट यांना अग्निबाणाचे तत्त्व आपल्या व्याख्यानांतून प्रत्यक्ष दाखवावयाचे होते. 1954 मध्ये या दोघा बंधूंनी कागदी नळी, हलक्या लाकडाचे पंख, आत बसविता येणारी व वापरानंतर बदलता येणारी दारूची मोटर आणि खाली येताना उघडणारी हवाई छत्री असा एक लहानसा अग्निबाण तयार केला. प्रतिकृती-अग्निबाणांच्या छंदाचा आरंभ येथून झाला असे मानले जाते.

हा शोध वेळेवर लागला असेच म्हणावे लागेल. 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणांनी झपाटून टाकले. घराच्या तळघरात जस्त व गंधक यांची भुकटी किंवा काड्यापेटीतील काड्यांची गुले लोखंडी नळीत ठासून भरण्याचे उद्योग सुरू झाले. या प्रयत्नांत अनेक मुले जायबंदी झाली, काही प्राणांसही मुकली. व्हाइट सँड्स येथील क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम केलेले अभियंते जी. हॅरी स्टाइन यांना यावर कार्लाइल यांच्या अग्निबाणात उपाय दिसला. मुलांनी अग्निबाण बनवावा, पण मोटर कारखान्यातून तयार आलेली असावी आणि अग्निबाणात धातूचा मोठा भाग नसावा, हा तो उपाय होय. या मोटरी आपोआप भरणारे यंत्र व्हर्नन एस्टस यांनी कोलोरॅडो राज्यात उभारले व 1959 मध्ये ते चालू झाले. पुढे लक्षावधी मुलांनी एस्टस यांच्या कारखान्याचे अग्निबाण उडविले.

‘बिग बर्था’ हा त्यांपैकीच एक. जाडसर अंगाचा, बोथट नाकाचा आणि चार मोठ्या गोलसर पंखांचा हा अग्निबाण 1960 नंतरच्या दशकात बाजारात आला आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकला. त्याची लांबी 61 सेंटिमीटर, व्यास सुमारे 4.2 सेंटिमीटर आणि मोटरविरहित वजन अवघे 62 ग्रॅम आहे. तो संथपणे उठतो, फार उंच जात नाही आणि डोळ्यांना शेवटपर्यंत दिसत राहतो. लहानपणी तो उडविलेली माणसे प्रौढपणी त्याची दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही मोठी आवृत्ती बांधू लागली, यात नवल नाही. तथापि आकार वाढविला की प्रत्येक गोष्ट त्याच प्रमाणात वाढत नाही, आणि या छंदातील खरी विद्या येथेच सुरू होते.

पटीचा हिशेब

किती पट वाढवावयाचे, हे बहुधा बांधणारा ठरवीत नाही. बाजारात मिळणारी नळी ते ठरविते. जाड पुठ्ठ्याची चार इंची, म्हणजे सुमारे 10.2 सेंटिमीटर व्यासाची नळी सहज मिळते. मूळ व्यासाशी तिचे प्रमाण 2.44 पट पडते. मग लांबीही 2.44 पट, म्हणजे सुमारे 149 सेंटिमीटर ठेवावी लागते. पृष्ठभाग मात्र या पटीच्या वर्गाने, म्हणजे सुमारे सहापट वाढतो आणि घनफळ घनाने, म्हणजे सुमारे साडेचौदापट वाढते. तीच सामग्री त्याच प्रमाणात वापरली तर 62 ग्रॅमचे वजन 900 ग्रॅमवर जाते.

प्रत्यक्षात तीच सामग्री वापरता येत नाही. मूळ पंख बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचे असून ते नळीला नुसते बाहेरून चिकटविलेले असतात. मोठ्या अग्निबाणाच्या पंखांवर वाऱ्याचा आणि जमिनीवर आपटण्याचा ताण इतका येतो की असा सांधा टिकत नाही. म्हणून बर्च लाकडाचा प्लायवूड घेतात, नळीला चिरा पाडून पंखांचे मूळ आत मोटरच्या नळीपर्यंत नेतात आणि दोन्ही ठिकाणी इपॉक्सी गोंदाने पक्के करतात. प्लायवूड बाल्साच्या चौपटीहूनही जड असते. परिणामी शेपटीकडे वजन साचते.

हे वाढलेले वजन नेमके नको तेथे असते. अग्निबाण सरळ जाण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, नाकाच्या दिशेस असावा लागतो. हे अंतर निदान नळीच्या व्यासाएवढे असावे, असा संकेत आहे. दाबमध्य कोठे पडतो हे काढण्याची सोपी रीत नासातील अभियंते जेम्स बॅरोमन यांनी 1966 मध्ये या छंदाच्या लोकांपुढे मांडली. या रीतीतील गमतीची गोष्ट अशी की दाबमध्य केवळ आकृतीवर अवलंबून असतो. आकृती जशीच्या तशी मोठी केली तर तो प्रमाणात तेथेच राहतो. गुरुत्वमध्य मात्र प्लायवूड आणि गोंद यांच्यामुळे मागे सरकतो. म्हणून नाकाच्या पोकळीत शिशाचे छर्रे इपॉक्सीत बसवावे लागतात. हे न केल्यास अग्निबाण आकाशात कोलांट्या खातो व प्रेक्षकांकडे वळण्याचीही भीती असते.

मोटरची निवड

मोटरींची प्रतवारी इंग्रजी अक्षरांनी करतात आणि प्रत्येक पुढचे अक्षर एकूण आवेगाची मर्यादा दुप्पट करते. ‘सी’ वर्गाची मर्यादा 10 न्यूटन-सेकंद, ‘डी’ची 20, आणि असे वाढत ‘जी’ची 160 व ‘एच’ची 320 होते. मूळ बर्था ‘सी’ मोटरवर सुमारे दीडशे मीटर उंच जाते. साडेचौदापट वजनाला साडेचौदापट आवेग धरला तर 145 न्यूटन-सेकंद होतात, म्हणजे ‘जी’ वर्ग. प्लायवूड, शिसे आणि मोठी छत्री यांचे वजन धरले की ‘एच’ वर्ग गाठावा लागतो. केवळ आवेग पुरेसा नाही. रेटा वजनाच्या निदान पाचपट असावा असा दंडक आहे. उड्डाणसमयी वजन दीड किलो असेल तर सुमारे 75 न्यूटन रेटा हवा. तो कमी पडला तर पंखांना हवेची पकड मिळण्यापूर्वीच अग्निबाण मार्गदर्शक दांड्यावरून सुटतो. याच कारणाने लहान अग्निबाणाचा तीन मिलिमीटरचा पोलादी दांडा येथे चालत नाही आणि दोन मीटर किंवा अधिक लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा रूळ वापरतात.

लहान मोटरीत बंदुकीच्या दारूची दाबून केलेली वडी असते. मोठ्या वडीला तडे जातात व तडा गेलेली वडी फुटते, म्हणून मोठ्या मोटरींत अमोनियम परक्लोरेट व रबरासारखा बंधक यांचे मिश्रण असते. अमेरिकेत हे मिश्रण स्फोटकांच्या सरकारी यादीत होते. छंदाच्या संस्थांनी त्याविरुद्ध न्यायालयात दीर्घकाळ लढा दिला आणि 2009 मध्ये ते यादीतून वगळले गेले.

खाली येण्याचा प्रश्न

वर जाण्यापेक्षा खाली येणे अवघड आहे. मूळ छत्री सुमारे 45 सेंटिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकची असते. तीही 2.44 पट केली तर छत्रीचे क्षेत्रफळ सहापट होते, पण तिने पेलावयाचे वजन साडेचौदापट असते. उतरण्याचा वेग त्यामुळे दीडपटीहून थोडा अधिक होतो. वजन आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला म्हणजे जमिनीवरील धडकेतील ऊर्जा पस्तीसपट होते. मूळ संथ गतीने उतरावयाचे असेल तर छत्रीचा व्यास पावणेदोन मीटरच्या आसपास हवा. शिवाय वजन 900 ग्रॅमवर थांबत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. प्लॅस्टिकऐवजी नायलॉनचे कापड आणि रबरी दोरीऐवजी अग्निबाणाच्या लांबीच्या तिप्पट-चौपट लांब नायलॉनचा पट्टा वापरतात. नाक उडवून छत्री बाहेर काढणारी दारूची मात्रा नळीतील पोकळीच्या घनफळाप्रमाणे मोजून, आधी जमिनीवरच चाचणी घेऊन ठरवितात. ही चाचणी कंटाळवाणी वाटते आणि पुष्कळजण ती टाळतात. छत्री न उघडता नाकावर कोसळलेले बहुतेक अग्निबाण अशा आळसाचेच फळ असावेत.

62 ग्रॅमचा कागदी अग्निबाण छत्रीविना पडला तर नाक चेपते. दीड किलोचा, नाकात शिसे भरलेला अग्निबाण तसा पडला तर माणूस मरू शकतो. ज्या धोक्यातून मुलांना वाचविण्यासाठी हा छंद जन्मास आला, तो धोका आकाराबरोबर परत येतो, हे अमेरिकेतील छंदप्रेमींनी ओळखले आहे. 1982 पासून भरणाऱ्या त्यांच्या एका मेळाव्याचे नावच मुळी ‘मोठी व धोकादायक अग्निबाण-जहाजे’ असे आहे. नाव विनोदी असले तरी तेथील नियम विनोदी नाहीत. ‘एच’ किंवा त्याहून मोठी मोटर विकत घेण्यासाठी प्रमाणपत्र लागते. ते मिळविण्यासाठी स्वतः बांधलेला अग्निबाण संस्थेच्या अधिकृत सभासदासमोर उडवून, पुन्हा उडविता येईल अशा स्थितीत परत आणावा लागतो. ‘एच’ मोटरपासून माणसांनी निदान 30 मीटर दूर राहावयाचे आणि वारा ताशी 32 किलोमीटरहून अधिक असेल तर उड्डाण करावयाचे नाही.

या साऱ्या खटाटोपाचे फळ काही सेकंदांत दिसते. रेट्याचे वजनाशी प्रमाण तेच असले तरी मोठ्या अग्निबाणाला स्वतःच्या लांबीइतके अंतर ओलांडण्यास दीडपट वेळ लागतो. लहान बर्था डोळ्यांदेखत उसळी घेते. मोठी बर्था खऱ्या अवकाशयानासारखी भारदस्तपणे उठते. वजनाच्या मानाने हवेचा अडथळा कमी असल्याने मोटर विझल्यावरही ती बराच वेळ वर जात राहते. म्हणून छत्री उघडण्याचा विलंब नव्याने मोजावा लागतो. छत्री उघडली की मैदानातील टाळ्या थांबतात आणि बांधणारा वाऱ्याच्या दिशेने चालू लागतो. मोटरचे आवरण अजून गरम असते. प्रथम नाक पाहावयाचे, मग पट्ट्याची गाठ, मग एकेक पंख हाताने हलवून त्याच्या मुळाशी केसाएवढी चीर पडली आहे काय ते पाहावयाचे, आणि मगच साक्षीदाराकडे सहीसाठी जावयाचे.