ऐकलंय की दिसतंय? जपानीतला 'सोऽ देस'चा घोळ

जपानी ग्राहकांसोबत काम करायचं म्हणून भाषा शिकताय? मग हा मुद्दा वहीत लिहूनच ठेवा.

समजा, माल वेळेत पोचणार नाहीये. ग्राहकाला काय सांगाल?

'ओकुरेरु सोऽ देस' म्हणजे 'उशीर होणार आहे म्हणे'. तुम्हाला ट्रान्सपोर्टवाल्याने तसं कळवलंय.
'ओकुरे सोऽ देस' म्हणजे 'उशीर होईल असं दिसतंय'. हा तुमचा स्वतःचा अंदाज.

फरक एका 'रु'चा! पण धंद्यात तो महाग पडतो. नुसता अंदाज 'म्हणे' करून सांगितला, तर न आलेला निरोप आल्यासारखा होतो. ग्राहक पुढचं सगळं वेळापत्रक बदलून बसतो.

ओळखायचं कसं? सोपं आहे. शब्द पूर्ण, तर ऐकलेली बातमी. शेपूट कापलं, तर डोळ्यांनी पाहून केलेला अंदाज. 'ओइशिइ सोऽ देस', म्हणजे चविष्ट आहे म्हणे. 'ओइशि सोऽ देस', म्हणजे चविष्ट दिसतंय, अजून खाल्लेलं नाही. काही क्रियापदांत शेवटच्या 'उ'चा 'इ' होतो: 'फुरु'चं 'फुरि'. एक अपवाद पाठच करा: 'इइ' म्हणजे चांगलं, त्याचं 'चांगलं दिसतंय' होताना 'योसा सोऽ देस' होतं.

बोलण्याआधी मनात मराठीत विचारा: 'म्हणे' की 'दिसतंय'?

आता तुम्ही सांगा. आभाळ भरून आलंय, 'फुरु सोऽ देस' म्हणाल की 'फुरि सोऽ देस'?