परवानग्यांचा सातबारा

चिखली तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सातबारा वाचता येतो. मालकाचे नाव कुठे, क्षेत्र किती हे तो पाहतोच, पण जाणता माणूस आधी ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवतो. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला वाटा, असे मालकाखेरीज इतरांचे हक्क तिथे लिहिलेले असतात. संगणकातल्या फाइललाही असा रकाना असतो. त्याला अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट, थोडक्यात एसीएल म्हणतात. फरक इतकाच की ही नोंद आत आकड्यांत असते. ती माणसाला वाचता येईल अशा मजकुरात आणावी लागते, आणि ते काम प्रोग्राम लिहिणाऱ्याचे.

नऊ अक्षरे कुठे अपुरी पडतात

युनिक्स घराण्यातल्या प्रणालींत फाइलच्या परवानग्या तीन वाट्यांत असतात: मालक, ग्रुप आणि बाकी सगळे. प्रत्येकाला तीन गोष्टींची परवानगी देता येते. वाचण्यासाठी आर, लिहिण्यासाठी डब्ल्यू, चालवण्यासाठी एक्स. तीन त्रिक नऊ अक्षरांत सगळे आटोपते.

आता समजा, चिखलीतल्या एका महाविद्यालयाच्या सर्व्हरवर निकालाची फाइल आहे. मालक परीक्षा प्रमुख, ग्रुप शिक्षकांचा. लिपिकाला गुण भरायचे आहेत आणि बाहेरून आलेल्या तपासनीसाला ते फक्त पाहायचे आहेत. दोघेही शिक्षक नाहीत. फाइल सगळ्यांना खुली करणे धोक्याचे, आणि नवा ग्रुप काढायला प्रशासकाकडे जावे लागते. एसीएल असेल तर परीक्षा प्रमुख स्वतःच या दोघांच्या नावाने एकेक ओळ जोडू शकतात.

ही कल्पना युनिक्सहून जुनी आहे. मल्टिक्स या प्रणालीच्या फाइलव्यवस्थेवरील १९६५ च्या लेखात ती आढळते. युनिक्सने मांडणी सोपी ठेवली, पण गरज संपली नाही. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स प्रमाणाच्या १००३.१ई या भागात एसीएलचे नियम लिहिले गेले. १९९७ च्या सतराव्या मसुद्यानंतर ते काम सोडून दिले गेले, तरी लिनक्सने त्याच मसुद्याचा आधार घेतला. आंद्रेयास ग्रुएनबाखर यांनी केलेले हे काम डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ मध्ये सामील होते.

आत काय साठवलेले असते

लिनक्सचा कर्नल ही यादी प्रोग्रामच्या हाती देतो तेव्हा सुरुवातीला ४ बाइटांत आवृत्तीचा क्रमांक असतो. पुढे प्रत्येक नोंदीला ८ बाइट: २ नोंदीच्या प्रकाराचे, २ परवानगीचे, ४ ओळख क्रमांकाचे. आपल्या निकालाच्या फाइलला ६ नोंदी लागतात, म्हणजे एकूण ५२ बाइट.

प्रकारांचे आकडे ठरलेले आहेत. मालक १, नावाने नोंदलेला वापरकर्ता २, फाइलचा ग्रुप ४, नावाने नोंदलेला ग्रुप ८, मास्क (त्याविषयी पुढे) १६, बाकी सगळे ३२. परवानगीत वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ अशी बेरीज होते. म्हणून लिपिकाची नोंद आत ‘२, ६, १००४’ अशी पडलेली असते. १००४ हा त्याच्या खात्याचा क्रमांक.

आकड्यांचा मजकूर कसा होतो

सी भाषेत यासाठी तयार फंक्शने आहेत. ‘एसीएल गेट फाइल’ फाइलवरून यादी मेमरीत आणते. ‘एसीएल टू टेक्स्ट’ तिचा मजकूर करते. प्रकाराच्या आकड्याचा शब्द होतो, परवानगीच्या बेरजेची तीन अक्षरे होतात, आणि ओळख क्रमांकाचे नाव प्रणालीच्या वापरकर्ता यादीतून शोधले जाते. रोमन अक्षरांतला तो मजकूर देवनागरीत असा दिसेल:

यूजर::आरडब्ल्यू-
यूजर:लिपिक:आरडब्ल्यू-
यूजर:तपासनीस:आर--
ग्रुप::आर--
मास्क::आरडब्ल्यू-
अदर::---

‘यूजर’ किंवा ‘ग्रुप’नंतरच्या दोन अपूर्णविरामांमध्ये नाव नसेल तर ती ओळ मालकाची किंवा फाइलच्या स्वतःच्या ग्रुपची. नवशिक्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. फंक्शनने रिकामा पॉइंटर परत दिला तर काम फसले आहे, तो तपासूनच पुढे जायचे. आणि मजकुरासाठी घेतलेली मेमरी ‘एसीएल फ्री’ने परत करायची. हजारो फाइलींवर फिरणारा प्रोग्राम ही परतफेड विसरला तर मेमरी भरत जाते.

मास्क: इथे वाचणारा फसतो

मास्क ही वरची मर्यादा आहे. मालक आणि ‘अदर’ सोडून बाकी प्रत्येक नोंदीला ती लागू होते. एसीएल असलेल्या फाइलवर कोणी ‘सीएचमॉड’ या आज्ञेने ग्रुपची लिहिण्याची परवानगी काढली, तर प्रत्यक्षात मास्क बदलतो. लिपिकाच्या ओळीत ‘आरडब्ल्यू-’ तसेच राहते, पण त्याला गुण भरता येत नाहीत.

‘गेटएफएसीएल’ ही आज्ञा अशा ओळीपुढे खरी उरलेली परवानगी ‘इफेक्टिव्ह’ म्हणून लिहिते. आपला प्रोग्राम लिहिताना लिनक्सवरच्या ‘एसीएल टू एनी टेक्स्ट’ या फंक्शनमध्ये तोच पर्याय निवडता येतो. माणसांसाठी मजकूर काढत असाल तर तो निवडाच. वाचून चुकीचा समज होईल असा मजकूर आकड्यांहून वाईट, कारण आकड्यांवर निदान कोणी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

नाव लिहावे की क्रमांक

माणसाला नाव कळते, पण फाइलवर कोरलेला असतो तो क्रमांक. एका यंत्रावर १००४ म्हणजे लिपिक, तर दुसऱ्यावर १००४ म्हणजे एखादा विद्यार्थी असू शकतो. खाते काढून टाकले असेल तर नाव सापडतच नाही आणि मजकुरात नुसता आकडा उरतो. असा आकडा दिसला की चौकशी करावी. पुढे तोच क्रमांक नव्या खात्याला मिळाला, तर जुने हक्कही त्याच्याकडे जातात. म्हणून तपासणीसाठी नावे आणि क्रमांक, दोन्ही काढून ठेवावेत.

मजकूर हाती आल्यावर

हा मजकूर उलटही फिरतो. ‘एसीएल फ्रॉम टेक्स्ट’ त्यातून पुन्हा यादी बनवते. संपूर्ण फोल्डरच्या परवानग्या ‘गेटएफएसीएल’ने एका फाइलीत उतरवल्या, तर चुकून काही बिघडल्यावर ‘सेटएफएसीएल’च्या ‘रिस्टोअर’ पर्यायाने त्या परत लावता येतात. गेल्या महिन्याचा आणि या महिन्याचा मजकूर शेजारी ठेवला की कोणती ओळ वाढली आणि कोणती गेली हे लगेच कळते.

पण मला यातला सर्वांत मोठा लाभ वेगळाच वाटतो. हा मजकूर छापून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवता येतो. सी भाषेचा गंध नसलेला माणूसही तो वाचून विचारू शकतो: तपासनीसांचे काम मार्चमध्येच संपले, मग त्यांची ओळ अजून कशी? कर्ज फिटले तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपल्याला कमी करून घ्यावा लागतो. तो राहिला आहे हे कळते, कारण तो रकाना वाचता येतो.