हळदीचा डाग आणि पीएच

परवा भाचीच्या पांढऱ्या कुर्त्यावर वरण सांडलं. साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक! ती घाबरली, मी खूश. अकरावीला बायोलॉजी घेतलीय, मग केमिस्ट्री कशाला, अशी तिची रोजची कुरकुर. म्हटलं, हे घे, उत्तर कपड्यावरच आलंय.

हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं, अल्कलीत लाल होतं. साबण अल्कधर्मी. लिंबू पिळलं, डाग पुन्हा पिवळा. (गेला मात्र नाही. त्याला ऊनच लागतं.)

पण आम्ल किंवा अल्कली नेमकी किती, हे सांगतो पीएच, म्हणजे पुस्तकातला ‘सामू’. ही मोजपट्टी रसायनशास्त्रज्ञ सोरेनसन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. हो, तेच बिअरवाले!

बहुतेक मुलं चुकतात ती इथे. पीएच १ ने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात, २ ने उतरला की शंभरपट. शुद्ध पाणी ७, जठररस साधारण २. दिसायला फरक पाचाचा, प्रत्यक्षात एक लाखपट.

रक्ताला एवढी मोकळीक नाही. ७.३५ ते ७.४५, बस्स. हे सांभाळण्यात मोठा वाटा कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट या जोडीचा. पीएच फारसा हलू न देणाऱ्या अशा जोडीला म्हणतात बफर. रक्तात आम्ल वाढलं की बायकार्बोनेट जादाचे हायड्रोजन आयन उचलतं. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो. जास्तीचं आम्ल मूत्रपिंडं लघवीतून काढतात.

बफर अजून डोक्यावरून जातोय? कमेंटमध्ये विचारा. भाचीचेही प्रश्न संपलेले नाहीत.