‘रान माजलंय, पेटवून द्या!’

आकाशकंदील उतरले की आमच्या सोसायटीत दुसरी मोहीम निघते. ‘तुमचा कोपरा साफ करून घ्या, फार रान माजलंय.’ पाठोपाठ फुकटचा सल्ला: ‘पेटवून द्या. राख म्हणजे उत्तम खत!’

या राखेचं एकदा काय ते होऊन जाऊ दे. पाचोळा जळताना त्यातला जवळजवळ सगळा कर्ब आणि नत्र धुराबरोबर निघून जातो. उरतो तो मुख्यतः चुना, थोडं पालाश. कोकणात भातासाठी राब भाजतात, हे खरं. तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिला राख मानवते. देशावरची काळी माती बहुतेक ठिकाणी मुळातच चुनखडीची. तीत आणखी राख ओतली की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मग हीच मंडळी नर्सरीतून टॉनिकची बाटली आणतात.

शास्त्र पटत नसेल तर कायदा ऐका. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली. दंड पाच हजार रुपये, मोठा ढीग पेटवला तर पंचवीस हजार. पाचोळा नकोच असेल तर पुण्यात ‘ब्राऊन लीफ’सारखे उपक्रम आहेत, तो हवा असणाऱ्यापर्यंत पोचवणारे.

आता ते ‘रान’. पावसाळ्यात उगवलेला तेरडा, कॉसमॉस, गवत, खुळखुळा; कार्तिकात सगळं वाळतं. वाळतं म्हणजे संपतं, हीच तर खरी गैरसमजूत! गवताच्या तुऱ्यांवर मुनियांचे थवे उतरतात. पोकळ काड्यांत छोट्या एकांड्या माश्या घर करतात. आणि खुळखुळा तर वाळल्यावरच रंगात येतो. टायगर आणि क्रो गटांतल्या फुलपाखरांचे नर सुकलेल्या शेंगा-फांद्यांना लटकून त्यातली अल्कलॉइड्स शोषतात. मादीला भुलवणारा गंध त्यातूनच तयार होतो. फुलं असताना जिकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं, त्या करड्या काटकीवर नोव्हेंबरात दहा-बारा फुलपाखरं. ती काटकी म्हणे कचरा.

‘पाचोळ्यात साप येतात’ हे अगदीच खोटं नाही, आडोसा त्यांना आवडतोच. पण साप येतो उंदीर-बेडकांच्या मागे. दारापासची वाट झाडून ठेवा, खरकटं उघड्यावर टाकू नका, ढीग कुंपणाशी करा. सातभाईंना उकरायला तेवढा पुरतो.

‘पाचोळ्याने डेंग्यू होतो.’ त्या डासाला साठलेलं पाणी लागतं. कुंडीखालची बशी आधी रिकामी करा.

‘आता पानगळ सुरू.’ ती परदेशी व्हिडिओंत. आपली शिशिरात, माघ-फाल्गुनात.

‘थंडीत झाडं झोपतात, पाणी बंद.’ निफाड किंवा वेण्णा तलावाकाठचा एखादा गारठा सोडला तर आपल्याकडे हिम कुठलं? थंडी कोरडी असते. पाणी कमी करा, पण माती बोटभर उकरून बघा आणि मगच. पाचोळ्याखाली ती बहुधा ओलीच सापडेल.

आमच्या कोपऱ्यातल्या काड्या मी होळीच्या सुमारास कापतो. हो, होळीत टाकायला मागणारेही भेटतात.